बिनकठड्याचा जिना

दाजी, उद्या सकाळी नऊला हणमंत मिस्त्री येणार आहेत. वरच्या मजल्याचं थांबलेलं काम पुन्हा सुरू करायला ताईनं त्यांना बोलावलं आहे. परवा तुमचा तेरावा झाला. पाहुणे निघून गेल्यावर ती जे पहिलं पूर्ण वाक्य बोलली ते असं होतं: "त्यांनी तुझ्यासाठी काढलेलं घर अर्ध्यात सोडायचं नाही."

मिस्त्रींनी वर पुढची वीट ठेवायच्या आत मला माझ्या बहिणीला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुम्हाला सांगायला माझ्याकडे सव्वा वर्ष होतं. मी वर राहायला येणार नव्हतो. ताथवड्यात मी फ्लॅट घेतला होता, आणि तो तुमच्या जिन्याचा पाया खणण्याच्या आधी घेतला होता. तुम्ही विचारत राहिलात, मी "बघू" म्हणत राहिलो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर तेवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्यांमधून "बघू", "लवकरच", "विचार सुरू आहे" असे शब्द काढत आलो आहे. माणूस हो म्हणाला की नाही म्हणाला, एवढंच लिहा, असं मी बातमीदारांना सांगतो.

म्हणून आधी तुम्हाला सांगतो. तिला उद्या.

चिखलीतला तो एक गुंठा तुम्ही घेतल्यावर अकरा वर्षं मोकळा पडून होता. एका बाजूला पत्र्याचे भाग ठोकून काढणारं प्रेस शॉप, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंगची शेड, मध्ये ही जागा. मोकळी जागा दिसली की लोक तिथं काय काय आणून टाकतात हे मी पाहिलं आहे. थर्माकोल, फुटलेलं कमोड, गणपतीनंतरचं मखर, एकदा तर चाकं नसलेला अख्खा टेम्पो. तुमची सुट्टी गुरुवारची, सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्याची असते तशी. दर गुरुवारी तुम्ही कुरुळीहून गाडीवर यायचात, कचरा बाहेर काढायचात, गाजरगवत उपटायचात आणि चार कोपऱ्यांच्या चार दगडांना चुना फासायचात. ताई म्हणायची, मोकळ्या जागेची रंगरंगोटी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "चुना आपुन लावला नाय, तर दुसरं कुनी लावून जातं."

घर बांधायला काढलंत तेव्हा मंजुरीचा नकाशा इंजिनिअरनं केला. पण काम चाललं ते तुम्ही आलेखाच्या कागदावर शिसपेन्सिलीनं काढलेल्या आराखड्यावर. प्रत्येक खिडकीपुढे मिलिमीटरमध्ये माप. इंजिनिअर म्हणाला, "काका, घराची मापं फुटात असतात." तुम्ही म्हणालात, "तुमच्या असतील."

चाकणच्या कंपनीत तुमचं काम तपासणीचं. आलेला भाग घ्यायचा की नाकारायचा, एवढं ठरवायचं. तीस वर्षं हेच केलेला माणूस घर बांधतो तेव्हा गवंड्याचं काय होतं, ते हणमंत मिस्त्रींना विचारावं. स्वयंपाकघराची भिंत छातीपर्यंत आली होती आणि तुम्ही ती थांबवलीत. मी त्या दिवशी तिथं होतो.

"सहा मिलिमीटरनं झुकलीया."

"साहेब, ओळंबा लावून बांधलीय," मिस्त्री म्हणाले.

"वळंबा बराबर हाय. तुमचा हात झुकलाय."

"भिंत हाय ती. गाडीचा पिस्टन न्हाई."

"पिस्टन खराब झाला तर बदलता येतो. भिंत बदलता येती का?"

भिंत पाडली. मिस्त्री तीन दिवस फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि काही न बोलता तुमच्यापुढे हात पसरून तुमचा ओळंबा मागितला. त्यानंतर तुम्हा दोघांचं जे जमलं, तसं माझं आणि तुमचं एकोणतीस वर्षांत जमलं नाही. तुम्ही एकमेकांशी स्पष्ट बोलत होता.

माझं आणि तुमचं कुरुळीत सुरू झालं. बीडहून बारावी होऊन आलो तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि तुम्ही दोघं दोन खोल्यांत राहत होता. तुम्हाला मूल झालं नाही. त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. मला अभ्यासाला जागा हवी म्हणून बाहेरच्या खोलीत तुम्ही तार ओढली आणि चादर टांगलीत. चादरीचा खालचा काठ फरशीच्या रेघेला समांतर येईना, म्हणून खिळा तीनदा काढून पुन्हा ठोकलात. "सध्या चादरीची भिंत घे. इटांची मागून देतो."

त्या चादरीआड मी चार वर्षं काढली. पदवी तिथं झाली, पहिल्या नोकरीचा अर्ज तिथं लिहिला. पहिल्या शिफ्टला जाताना तुम्ही दिवा न लावता कपडे घालायचात, मला जाग येऊ नये म्हणून. मला जाग आलेली असायची. मी डोळे मिटून पडून राहायचो, कारण उठलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं. उपकार करणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे मला तेव्हा कळत नव्हतं. नंतरही कळलं नाही.

ताथवड्याचा फ्लॅट कशासाठी, याची कारणं मी स्वतःला नीट लावून ठेवली आहेत. मुलीला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. बायकोला लिफ्ट हवी होती, आणि सकाळी सकाळी प्रेसची धडधड ऐकायची तिची तयारी नव्हती. ही कारणं खरी आहेत, पण दुय्यम आहेत. मुख्य कारण असं की मला तुमच्या घरात पुन्हा राहायचं नव्हतं. सेहेचाळीस वर्षांचा झालो तरी तुमच्या वरच्या मजल्यावर मी सतरा वर्षांचाच राहिलो असतो. तुम्ही पाण्याची टाकी भरली का ते बघायला वर आला असतात, आणि माझ्या बिजागऱ्यांना तेल घालून गेला असतात.

हे तुम्हाला तोंडावर सांगता आलं असतं. तुम्ही तर आयुष्यभर नाकारलेल्या मालावर लाल खूण करून तो बाजूला ठेवत आलात. तुम्हाला नकार नवा नव्हता.

जिन्यावरून तुमचं आणि ताईचं भांडण झालं ते मला तिनंच नंतर सांगितलं. तिला जिना आतून हवा होता. पावसात भिजायला नको, वर काही शिजलं तर वाटी पदराआड खाली आणता येईल, असं तिचं म्हणणं. तुम्ही बाहेरून धरून बसलात. "आतून काढला तर तो रोज आपल्या चुलीपाशून वर जाईल. बायको-पोरीला घेऊन आलेल्या मानसाला घरात शिरताना कुनाचं तोंड बगायला लागू नये." मला काय नको होतं ते तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. त्यावर तुम्ही उपाय केलात तो जिन्याचा. हे ऐकलं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तरी मी बोललो नाही.

जिना ओतून झाला, फळ्या निघाल्या, आणि तुम्ही माझ्या फोनवर दोन फोटो पाठवलेत. एकात विटांचा कठडा, एकात लोखंडी पायपांचा. खाली लिहिलं होतं, "संपादक, कोनता लावू? वरलं घर तुमचं, पसंती तुमची." मी संपादक नाही, उपसंपादक आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. खूश असलात की तुम्ही मला ही बढती द्यायचात.

फोटो मी लगेच पाहिले. कठडा निवडला असता तर घर घेतल्यासारखं झालं असतं. नाही म्हणालो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी लिहिलं, "बघून सांगतो." पंधरा दिवसांनी तुमचा फोन आला. "मिस्त्री इचारायलेत. त्यांना दुसरं काम लागायलंय." मी म्हणालो, या आठवड्यात सांगतो. असे सात आठवडे गेले. ताई तुम्हाला म्हणाली, तुमच्या मनानं लावा कुठलाही. तुम्ही म्हणालात, मेव्हण्याच्या घरात त्याला न विचारता खिळासुद्धा ठोकू नये. ज्या घरानं बहीण दिली त्या घरचा मान, तुमच्याकडे तो असा पाळायची रीत. तिनं मग बांबू तरी आडवे बांधा म्हटलं. चार दिवसांसाठी कशाला, असं तुम्ही म्हणालात.

त्या गुरुवारी सकाळी साडेआठला ताई दळण घेऊन गिरणीत गेली. तिथं गर्दी होती. तुम्ही पाइप घेऊन वरच्या नव्या भिंतींना पाणी मारायला गेलात. पायात रबरी स्लिपर. पुढचं पाहणारं कुणी नव्हतं. मी ते जिन्यावरच्या खुणा खालून पाहून सांगतो. पाइप खालच्या एका पायरीच्या कोपऱ्यात अडकला होता. वरून दुसऱ्या पायरीवर उभे राहून तुम्ही तो ओढला असणार, आणि तो एकदम सुटला असणार. उंची अकरा फूट. खाली विटांचा ढीग होता, तुम्ही एकेक वाजवून नाकारलेल्या विटांचा.

दुसरा कुठलाही वार असता तर प्रेस शॉपचं शटर आठला उघडलेलं असतं आणि दारात दोघंतिघं चहा पीत उभे असते. गुरुवार होता. गल्लीची दोन्ही बाजूंची शटरं खाली होती. सव्वा तासानं ताई वळणावर आली तेव्हा तिला रस्त्यावर वाहत आलेलं पाणी दिसलं. ती चिडली. फाटकातूनच म्हणाली, "अहो, पाणी बंद करा की." उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली. हे तिनं मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. त्यानंतर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही त्यानंतर तीन दिवस होता, पण बोलला नाहीत.

त्या रविवारी तुम्हाला स्मशानात पोचवून आल्यावर डेस्कवरच्या सहकाऱ्यानं फोनवर चार ओळी पाठवल्या. एकदा नजर टाक, म्हणाला. चिखलीत बांधकाम सुरू असलेल्या घराच्या जिन्यावरून तोल जाऊन पडल्यानं कामगाराचा मृत्यू. अशा चार ओळी मी किती तपासल्या असतील याची मोजदाद नाही. त्या पान तीनच्या डाव्या कडेला जातात, जाहिरात आली तर गळतात. तुमचं वय छप्पन पडलं होतं, ते मी अठ्ठावन्न केलं. "दुर्दैवी" हा शब्द काढला, आमच्याकडे तो चालत नाही. "जिन्याला कठडा नव्हता" असं एक वाक्य होतं. ते राहू दिलं. कठडा का नव्हता, हे बातमीत नव्हतं. ते पूर्ण माहीत असलेला एकच माणूस ती बातमी तपासत होता.

दाजी, मला तुमचा रागही आला आहे. तो लिहिला नाही तर हा मजकूर अपुरा राहील. कंपनीत तुम्ही सेफ्टी कमिटीवर होता. हेल्मेट न घालता शॉपमध्ये आलेल्या मॅनेजरला तुम्ही दारातून परत पाठवलं होतं. शेजारच्या प्रेस शॉपमध्ये एक ऑपरेटर हातमोजे न घालता बसलेला दिसला, तर स्वतःचं काम सोडून तिकडे गेलात आणि म्हणालात, "भावा, आत्ता बोटं मोजून ठेव. सांजच्याला परत मोज." असा माणूस स्वतःच्या घरी, अकरा फुटांवर, ओल्या पायऱ्यांवर, स्लिपर घालून उभा राहतो. चाकणला ज्यांना तुम्ही शिकवलंत ते बारा-पंधरा जण मातीला आले होते. त्यातला एक जण जिन्याकडे बघत राहिला आणि दुसऱ्याला हळूच म्हणाला, "सर असं कसं करतील राव?" दुसरा म्हणाला, "घरी कोण बघतंय."

या रागाचा मला उपयोग होतो आहे, हेही लिहितो. तुमची चूक मोठी करून दाखवली की माझी त्या मानानं लहान दिसते. बातमीत जागा कशी वाटायची ते मला येतं.

इथपर्यंत काल, रविवारी लिहिलं. आता सोमवारची संध्याकाळ आहे.

मी आठला चिखलीत पोचलो. आज पाण्याचा दिवस होता. ताई मोरीत पिंप भरत होती. वाटेत मी चार वाक्यं ठरवली होती, त्यातलं पहिलंच बोललो.

"ताई, मी वर राहायला येणार नाहीये. ताथवड्याला फ्लॅट घेतलाय."

तिनं नळ बंद केला नाही. "कधी?"

"सव्वा वर्ष झालं."

पिंप भरलं. तिनं पाइप बादलीत टाकला. "म्हणजे जिन्याचा पाया खणायच्या आधी."

"हो."

"त्यांना माहीत होतं?"

"नाही."

"कठड्याचं तू कळवणार होतास."

तिनं विचारलं नव्हतं, पण मी हो म्हणालो.

"मी रोज म्हणायची, बांबू तरी बांधा. ते म्हणायचे, आज येईल त्याचा फोन." बादली भरून वाहायला लागली होती. तिनं नळ बंद केला. "तू नाही म्हणाला असतास तर त्यांना वाईट वाटलं असतं. दोन दिवस जेवले नसते."

मग तिनं पदरानं हात पुसले.

"तिसऱ्या दिवशी जेवले असते."

तिनं मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आता ती त्या घरात एकटी राहणार आहे, आणि वरच्या मजल्यावर कुणीही येणार नाही, हे आम्हा दोघांनाही त्या मोरीच्या दारात एकाच वेळी कळलं. तिनं मला ये म्हणून विनवलं असतं तर मी काय केलं असतं, याचा मी दिवसभर विचार केला. तिनं विनवलं नाही.

नऊला मिस्त्री आले. सोबत दोन माणसं, घमेली, थापी. ताई बाहेर गेली.

"मिस्त्री, वरचं काम बंद. जिन्याला कठडा तेवढा लावून द्या."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "कोनता लावायचा? साहेब म्हनले होते, पाव्हनं सांगतील."

"विटांचा," ताई म्हणाली. "हा वर येईल तुमच्यासोबत. माप घ्या." आणि ती आत गेली.

तुम्ही पडल्यापासून मी त्या जिन्यावर चढलो नव्हतो. अठरा पायऱ्या आहेत. मिस्त्री पुढे, मी मागे, घराच्या भिंतीला खांदा घासत. वरून दुसऱ्या पायरीवर मिस्त्री थांबले. खाली न पाहता त्यांनी विचारलं, "उंची किती धरायची?"

"कमरेच्या वर."

"कुनाच्या कमरेच्या?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते एक पायरी खाली उतरले, वळले, आणि वरच्या रिकाम्या पायरीकडे बघत त्यांनी हात आडवा धरला. थोडा खाली घेतला. "साहेब उंचीला माझ्याएवढेच, पन पाय लांब," ते म्हणाले, आणि हात पुन्हा वर नेला. तिथं चार बोटं वाढवली. मग हात तसाच ठेवून ते घराच्या भिंतीपाशी सरकले आणि विटेच्या तुकड्यानं तिच्यावर एक आडवी रेघ ओढली.

"आता धरा टेप," ते म्हणाले.

मी वाकून टेपचं टोक पायरीवर दाबून धरलं. मिस्त्रींनी रेघेपर्यंत ओढून वाचलं. तीन फूट पाच इंच.